भूकंप पायाखाली, संग्रहालय शंभर किलोमीटरवर

दिवाळीची सुट्टी संपली की उमरग्याच्या शाळांमध्ये सहलीची बोलणी सुरू होतात. पुणे-हैदराबाद महामार्ग गावातूनच जात असल्याने गाडी कोणत्याही दिशेला वळू शकते. एका बाजूला शंभरेक किलोमीटरवर सोलापूर आणि साडेतीनशेच्या आसपास पुणे. दुसऱ्या बाजूला दोनशेच्या पुढे हैदराबाद. यादीत देवस्थान असते, किल्ला असतो, एखादा वॉटर पार्क असतो आणि पालकांचे समाधान व्हावे म्हणून एक ‘विज्ञान केंद्र’ किंवा ‘म्युझियम’ही असते. पहाटे चारला निघालेली मुले तिथे दुपारी पोहोचतात, रांगेत आत जातात, चाळीस मिनिटांत रांगेतच बाहेर येतात. संध्याकाळी काय पाहिले विचारले तर उत्तर येते, ‘लई मोठं होतं.’

या चाळीस मिनिटांत मुलांच्या पदरात काय पडते, आणि उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावाने संग्रहालयासाठी नेहमी शहराकडेच का पाहावे, हे दोन प्रश्न एकत्र विचारायला हवेत. कारण ज्या घटनेने या भागाचा नकाशा बदलला, ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, त्याचे विज्ञान मुलांना नीट समजावून सांगणारे दालन सहलीच्या यादीत कुठेच नसते. आणि हा प्रश्न थेट जिवाशी निगडित आहे.

आरोग्याशी काय संबंध?

संग्रहालय पाहणे ही हौस आहे, आरोग्याशी तिचा काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. पण गेल्या काही वर्षांत या प्रश्नावर गंभीर संशोधन झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांच्या संबंधावर एक अहवाल काढला. त्यात तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा आहे. त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लंडनच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. पन्नाशी ओलांडलेल्या ६,७१० लोकांचा त्यांनी १४ वर्षे पाठपुरावा केला होता. संग्रहालय, कलादालन, नाटक, संगीताचा कार्यक्रम अशा ठिकाणी दर काही महिन्यांनी जाणाऱ्यांमध्ये त्या काळात मृत्यूचा धोका, अजिबात न जाणाऱ्यांच्या तुलनेत ३१ टक्के कमी दिसला. वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्यांमध्ये तो १४ टक्के कमी होता. त्याआधी २०१८ मध्ये याच संशोधकांपैकी काहींनी फक्त संग्रहालयभेटींचा अभ्यास केला होता. नियमित भेट देणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले.

इथे सावध राहायला हवे. असे अभ्यास दोन गोष्टी सोबत चालतात एवढेच दाखवतात. एकीमुळेच दुसरी घडते, हे त्यातून सिद्ध होत नाही. ज्याचे गुडघे ठीक आहेत, खिशात पैसे आहेत आणि घराजवळ संग्रहालय आहे, तोच तिथे जातो, आणि अशा माणसाची तब्येत मुळातच बरी असते. संशोधकांनी उत्पन्न, शिक्षण, आजार यांचा हिशेब वजा करून पाहिला. तरीही फरक उरला, पण तो कारणाचा पुरावा नव्हे. रक्तदाबाच्या गोळीऐवजी संग्रहालय, असा अर्थ कोणी काढू नये.

तरी त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. संग्रहालयात माणूस चालतो, थांबतो, नवे काही पाहतो, जुने आठवतो आणि सोबतच्या माणसाशी बोलतो. निवृत्तीनंतर किंवा जोडीदार गेल्यावर घरात एकट्या पडलेल्या माणसाच्या आयुष्यातून नेमक्या याच गोष्टी कमी होत जातात. कॅनडात माँट्रियलच्या ललित कला संग्रहालयाने २०१८ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेबरोबर एक उपक्रम सुरू केला. त्यात डॉक्टर रुग्णाला संग्रहालयाची मोफत भेट चिठ्ठीवर लिहून देऊ शकत होते. बेल्जियमची राजधानी ब्रसेल्सनेही २०२१ मध्ये मानसिक ताणाच्या रुग्णांसाठी असा प्रयोग केला. औषधोपचार चालू ठेवून त्याला दिलेली ही जोड होती.

सहल वाया का जाते?

बोस्टनच्या संग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये एक साधी गोष्ट केली. काचेच्या कपाटातली वस्तू नीट पाहण्यासाठी माणसाला किती वाकावे, मान किती वळवावी लागते याची त्यांनी छायाचित्रे काढून घेतली आणि ‘संग्रहालयाचा थकवा’ नावाचा लेख प्रसिद्ध केला. त्यानंतर शंभर वर्षांत अभ्यासकांनी पुन्हापुन्हा पाहिले आहे, की प्रेक्षक मन लावून पाहतो तो साधारण पहिला अर्धा-पाऊण तास. नंतर पाय चालतात, डोळे फक्त फिरतात.

आता यात सहा तासांचा प्रवास, रात्रीची अपुरी झोप आणि उपाशी पोट मिळवा. मूल दालनात शिरण्याआधीच दमलेले असते. त्यामुळे एका दिवसात चार ठिकाणे उरकणारी सहल खर्चाच्या मानाने फार थोडे देते. अंतर कमी केले तर तोच वेळ पाहण्यात जाईल. आणि उमरग्याच्या बाबतीत ते शक्य आहे.

जवळ काय आहे?

उमरग्याहून गाठायला सोपे विज्ञान केंद्र महाराष्ट्रात नाही, ते सीमेपलीकडे आहे. आळंदमार्गे सुमारे ऐंशी किलोमीटरवरच्या कलबुर्गीत केंद्र सरकारच्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेचे जिल्हा विज्ञान केंद्र १९८४ पासून आहे. बाजारहाट, दवाखाना आणि सोयरिकीसाठी आपली माणसे कलबुर्गीला सतत जातात, पण शाळेची गाडी तिकडे क्वचित वळते. सोलापूरला केगाव भागात विज्ञान केंद्र आहे. त्याच शहरात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या घरात त्यांचे स्मारक आहे. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये युद्धग्रस्त चीनमध्ये रुग्णसेवेसाठी गेला आणि १९४२ मध्ये तिथेच, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, वारला. डॉक्टर व्हायचे म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाने ते घर एकदा पाहावे.

वाटेत नळदुर्गचा किल्ला आहे. बोरी नदीवर धरणासारखी भिंत घालून तिच्या पोटात बांधलेला पाणीमहाल म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचा जलशास्त्राचा धडा आहे. वरून पाणी कोसळत असताना आत माणूस कोरडा कसा उभा राहतो, हा प्रश्न मुलांना घरून निघतानाच दिला, तर किल्लाच प्रयोगशाळा होतो.

आणि आपल्याच जिल्ह्यात तेर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात ज्या ‘तगर’ नगराचा उल्लेख आहे, ते हेच. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे गाव, जिथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे. तिथले रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय एका गावकऱ्याच्या ध्यासातून उभे राहिले. पावसाने पांढरीची माती धुपली की वर येणारे मणी, मातीच्या बाहुल्या, नाणी, शंखाच्या बांगड्या लामतुरे वर्षानुवर्षे जमवत गेले. पुढे शासनाने ते संग्रहालय सांभाळले. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. तेरला मिळालेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेई शहरात सापडलेल्या भारतीय मूर्तीशी जवळचे साम्य दाखवते. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत आपल्या दख्खनच्या धाटणीची मूर्ती मिळावी, यावरून तेव्हाचा व्यापार किती दूरवर पोहोचला होता हे कळते.

पाँपेईचे नाव घेतले की आणखी एक गोष्ट लक्षात येते. दोन हजार वर्षांपूर्वी एका नैसर्गिक आपत्तीत गेलेले ते गाव आज जग जपते आणि त्यातून शिकते. आपल्याकडची आपत्ती तर अजून कालची आहे.

१९९३ : काय घडले आणि का?

अनंत चतुर्दशीचा गणपती विसर्जित करून गावे नुकती झोपली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना जमीन हलली. लातूरच्या औसा आणि धाराशिवच्या उमरगा तालुक्यांत सर्वांत जास्त हानी झाली. आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यातच होते. अधिकृत नोंदींत जवळपास आठ हजार माणसे गेली, इतर अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. बावन्न गावे जुन्या जागेवरून उठवून नव्याने वसवावी लागली.

शास्त्रज्ञांसाठीही तो धक्का होता. हिमालयात किंवा कच्छमध्ये भूकंप होतो, दख्खनचा कातळ स्थिर आहे, असे मानले जात होते. तेव्हाच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये किल्लारी परिसराला लहान धक्के बसले होते, पण पुढे काय होणार हे त्यावरून कोणालाच सांगता आले नाही. भूकंपाची अचूक वेळ सांगणारे शास्त्र आजही नाही. नंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल भोक घेतले. सुमारे ३३८ मीटर काळा पाषाण, त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक, असा आपल्या पायाखालचा ‘आधारकार्ड’ तेव्हा पहिल्यांदा हाती आला. २००२ मध्ये देशाचा नकाशा सुधारला गेला, पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या क्षेत्रात आला.

भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगात दर वर्षी असे शंभरेक भूकंप होतात आणि त्यांतल्या बहुतेकांत फारशी माणसे मरत नाहीत. मग इथे एवढी का गेली? केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हते. वेळ गाढ झोपेची होती. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे कारण घरात होते. मातीत रचलेल्या गोट्या-दगडांच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर उन्हापासून बचावासाठी दर वर्षी मातीचा थर चढवत जाड केलेले माळवद. ही घरे उन्हाळ्यात थंड राहत, म्हणून ती शहाणपणाचीच होती. पण भिंतीचा आतला आणि बाहेरचा पदर एकमेकांना बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते. हादरा बसताच दोन्ही पदर सुटले, भिंत फुगून कोसळली आणि माळवदाचा भार झोपलेल्यांवर आला. काही ठिकाणी भिंती पडूनही लाकडी खणांचा सांगाडा तग धरून राहिला. भूकंप माणसे मारत नाही, कोसळणारी घरे मारतात, हे वाक्य पाठ्यपुस्तकात वाचणे वेगळे आणि आपल्याच आजोबांच्या घराच्या भिंतीत ते पाहणे वेगळे.

आज उमरग्यातल्या कोणत्याही शाळेतल्या एकाही मुलाने तो भूकंप अनुभवलेला नाही. त्यांचे अनेक पालकही तेव्हा लहान होते. आठवण आहे ती आजी-आजोबांकडे, आणि दर वर्षी ते सांगणारे कमी होत आहेत. दुसरीकडे धक्के थांबलेले नाहीत. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ ला हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले आणि मराठवाड्याच्या अनेक जिल्ह्यांत लोक रस्त्यावर आले. अशा वेळी मोबाइलवर पहिल्यांदा पोहोचतात त्या अफवा : ‘आज रात्री मोठा येणार आहे’, ‘धरणामुळे झाला’, ‘अमुक शास्त्रज्ञाने सांगितले आहे’. माकणीच्या तेरणा धरणाचा किल्लारीच्या भूकंपाशी काही संबंध होता का, यावर शास्त्रज्ञांत चर्चा झाली आहे. पण ती चर्चा काय होती, दोन्ही बाजूंचे पुरावे काय आहेत, हे सामान्य माणसाला सोप्या मराठीत समोर ठेवलेले कुठे पाहायला मिळते?

इतरांनी काय केले?

२६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला. २०२२ मध्ये भुजच्या भुजियो डोंगरावर ‘स्मृतिवन’ हे संग्रहालय उघडले. तिथे मृतांची नावे आहेत, भूकंप कसा होतो याची दालने आहेत आणि हादरा प्रत्यक्ष अनुभवता येईल असे कंप देणारे नाट्यगृहही आहे. जपानमध्ये कोबेला १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात ६,४३४ माणसे गेली. २००२ मध्ये तिथे संग्रहालय आणि संशोधन केंद्र एकाच ठिकाणी सुरू झाले. वाचलेले लोकच तिथे शाळकरी मुलांना आपला अनुभव सांगतात. जवळच्या आवाजी बेटावर जमिनीत पडलेली भेग छप्पर घालून जपली आहे. किल्लारीलाही १९९३ मध्ये शेतात असाच उंचवटा उमटला होता. काळ्या मातीत, नांगराखाली असा उंचवटा किती पावसाळे टिकणार?

इमारतीशिवायही आठवण जीव वाचवते. इंडोनेशियाच्या सिमेउलुए बेटावर १९०७ मध्ये त्सुनामी आली होती. ‘जमीन हलली आणि समुद्र मागे गेला की डोंगराकडे पळा’ ही गोष्ट तिथे अंगाईत आणि गाण्यांत पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. २००४ ची त्सुनामी आली तेव्हा सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर सातच माणसे दगावली. त्याच आचे प्रांताच्या उरलेल्या भागात लाखाहून अधिक गेली.

उमरग्यात काय होऊ शकते?

लगेच कोट्यवधींची इमारत मागण्याची गरज नाही. संग्रहालय चाकांवरही येते. आपल्या देशात फिरत्या विज्ञान प्रदर्शनाच्या गाड्या १९६५ पासून गावोगाव जातात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये फिरते संग्रहालय सुरू केले. शाळांनी, नगरपालिकेने आणि जिल्हा परिषदेने मिळून मागणी केली, तर मुलांना सहा तास प्रवास करावा लागणार नाही.

दुसरे, एखाद्या शाळेच्या किंवा वाचनालयाच्या रिकाम्या खोलीत एक दालन सहज उभे राहू शकते. त्यात दोन छोट्या भिंती असाव्यात : एक आरपार दगड नसलेली, दुसरी आरपार दगड आणि वर आडवा काँक्रीटचा पट्टा असलेली. खाली गोट्यांवर हलणारी फळी. मुलाने हँडल फिरवले की पहिली भिंत फुगून पडते, दुसरी उभी राहते. हे बनवायला गावातला गवंडी, सुतार आणि विज्ञानाचे शिक्षक पुरेसे आहेत. भूकंपानंतर या भागातल्या गवंड्यांनी घर मजबूत करण्याच्या ज्या युक्त्या शिकल्या, त्याही त्यांच्याबरोबर संपू नयेत. भिंतीवर सुधारलेला भूकंप नकाशा लावावा आणि पायाखालच्या थरांचे चित्र खऱ्या प्रमाणात रंगवावे.

तिसरे, आजी-आजोबांच्या आठवणींची नोंद. इथे आरोग्याच्या दृष्टीने एक खबरदारी घ्यायला हवी. ज्यांनी स्वतःच्या हातांनी घरची माणसे ढिगाऱ्यातून काढली, त्यांच्यासाठी ती आठवण आजही जखम असू शकते. कुणाला बोलायचे नसेल तर आग्रह धरू नये. बोलणाऱ्याला मध्येच थांबता आले पाहिजे. बोलल्यावर झोप उडणे, घाबरे होणे, तेच पुन्हा डोळ्यांसमोर येणे असे त्रास होऊन ते काही दिवसांत कमी झाले नाहीत, तर डॉक्टरांना दाखवावे. ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. दालनात मृतदेहांची छायाचित्रे नसावीत. मुलांना भीती घालून काही शिकवता येत नाही, आणि मृतांचाही तो मान नव्हे.

काही जण म्हणतील, दुःख विसरू द्यावे, उकरून काढू नये. या म्हणण्याचा आदर केला पाहिजे. पण विसरले जाते ते दुःखाबरोबर त्यातले शहाणपणही. पुनर्वसित गावांत आज नव्या खोल्या चढत आहेत, जुन्या घरांवर मजले वाढत आहेत. ते बांधताना आडवा पट्टा घातला का, हे विचारणारा माणूस घरात हवा. तो दहावीतला मुलगा किंवा मुलगीही असू शकते, जर तिने ती हलणारी फळी एकदा स्वतः फिरवून पाहिली असेल.

जाताना एवढे पाहा

तोवर यंदाची सहल ठरवताना काही साध्या गोष्टी पाळता येतील. एका दिवशी एकच संग्रहालय घ्या, तेही शक्यतो शंभर किलोमीटरच्या आतले. ते सुरू आहे का, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारा. सोमवारी अनेक सरकारी संग्रहालये बंद असतात. आत जाण्याआधी मुलांना खाऊ-पाणी द्या. प्रत्येकाला एकच प्रश्न द्या आणि उत्तर स्वतः शोधू द्या. पाऊण तासानंतर बाहेर सावलीत बसवा, मग हवे तर पुन्हा आत न्या. घरातल्या ज्येष्ठांनाही सोबत घ्या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी बसायची सोय आहे का, हे आधी पाहा. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांनी औषधे आणि काहीतरी खायला जवळ ठेवावे.

आणि परतताना, किल्लारी किंवा सास्तूरच्या वाटेने गाडी नेता आली, तर स्मारकापाशी दहा मिनिटे थांबा. मुले विचारतील, इथे काय झाले होते? त्या प्रश्नाचे उत्तर आज गाडीतल्या एखाद्या शिक्षकाला किंवा आजीलाच द्यावे लागते. पुढच्या सहलीपर्यंत तालुक्यात निदान एक खोली अशी असावी, जिथे हे उत्तर मुलांना हाताने हलवून पाहता येईल.